तीन नंबरच्या खाटेवरचा खोकला

"मामा, परत एकदा," मी म्हणाले.

वॉर्डबॉय शिवामामांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आबांकडे. "मॅडम, तिसरी खेप हाय ही. माणूस हाय, पोतं न्हवं."

"शेवटची."

बाळकू चौगुल्यांना सगळा जळीत वॉर्ड आबा म्हणायचा. त्यांनी मामांच्या खांद्याला धरलं, डोळे मिटले आणि पुन्हा काट्यावर उभे राहिले. मी दहापर्यंत मोजलं. पट्ट्यांचं वजन वजा करून एकोणपन्नास किलो शंभर ग्रॅम. तिन्ही वेळा तेच.

अकरा दिवसांपूर्वी, अंगावरची सूज उतरल्यावर, ते त्रेपन्न भरले होते.

"तुझा तक्ता काय म्हणतो?" मागून डॉ. मुजावरांनी विचारलं. ते आमचे प्लास्टिक सर्जन.

"रोज चोवीसशे कॅलरी, सर. पंच्याण्णव ग्रॅम प्रथिनं. ताट रोज रिकामं."

"तक्त्याप्रमाणे हा माणूस भरायला हवा. काट्याप्रमाणे तो झडतोय. दोघांपैकी एक खोटं बोलतंय, आणि काटा मी गेल्याच महिन्यात तपासून घेतलाय."

मामांनी आबांना खाटेवर आणून पालथं झोपवलं. सरांनी मला दोन पावलं बाजूला घेतलं आणि आवाज खाली आणला. "शुक्रवारी मी याच्या पोटरीची कातडी काढून मांड्यांवर लावणार आहे. ती धरायला शरीरात काहीतरी शिल्लक लागतं. साडेअठ्ठेचाळीसच्या खाली गेला तर मी सुरी उचलणार नाही. आणि मांड्या अशाच उघड्या राहिल्या, तर पुढच्या आठवड्यात उचलायची गरजही राहणार नाही. आज बुधवार आहे. शोधून काढ."

खाटेवरून आबा खोकले. लहानसा, कोरडा खोकला. खाटेशी उभी असलेली त्यांची सून सुगंधा डोक्यावरचा पदर पुढे ओढून पडद्याबाहेर गेली, आणि मामांनी आबांची चादर सारखी केली.

मी तक्त्यावर लिहिलं: खोकला, कोरडा, दिवसातून सात-आठ वेळा, कफ नाही. त्या खोकल्याने मला चार दिवस छळलं होतं. मीच सरांच्या मागे लागून छातीचा फोटो काढून घेतला होता. तो स्वच्छ आला होता.

या गोष्टीला आता चौदा वर्षं झाली. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते, आहारशास्त्रातली एम.एस्सी. नुकतीच संपवून जळगावहून थेट पंचगंगेकाठच्या त्या जिल्ह्यात सहा महिन्यांच्या उमेदवारीवर आले होते. भाजलेल्या माणसाचं शरीर, नुसतं पडून असलं तरी, धावणाऱ्या माणसासारखं जळत असतं. त्याला खायला मिळालं नाही तर ते स्वतःचे स्नायू खातं. हे मला पाठ होतं. म्हणून मी स्वयंपाकघरात उभी राहून आबांचं प्रत्येक ताट तोलायची: सहा अंडी, डाळ, दूध, शेंगदाण्याचा लाडू, केळी. परत आलेलं ताट पुन्हा तोलायची. उरलेलं वजा केलं की खाल्लेलं हाती येतं. उरलेलं रोज शून्य होतं.

आबा गुळव्या. गुऱ्हाळावर उसाचा रस उकळून काहिलीत घट्ट होत आला की तो नेमका कधी उतरवायचा, हे ठरवणारा माणूस. थर्मामीटर नाही, घड्याळ नाही, फक्त डोळा. चाळीस वर्षांत त्यांचं एकही आधण, म्हणजे काहीलभर रसाची एक खेप, बिघडलं नव्हतं म्हणे. काहील उतरवताना एका गड्याचा पाय सरकला, त्याला मागे ओढताना काहील कलंडली आणि हे कमरेपासून गुडघ्यापर्यंत मागच्या बाजूने भाजले. बायको वारलेली. एकुलता मुलगा लष्करात, सीमेवर. रजा महिनाअखेरीशिवाय नाही. भावकीतली माणसं संध्याकाळी येऊन बाहेरच्या बाहेर विचारपूस करून जायची. उरली सून.

माझा पहिला तर्क होता तो पांढऱ्याचा. त्या भागात बरेच जण मानायचे की दूध, दही, अंडी, भात असलं पांढरं खाल्लं की जखमेत पू होतो. मी सुगंधाला बाजूला घेऊन विचारलं होतं.

"असलं काय न्हाई आमच्यात," ती म्हणाली होती. "आबा सगळं खात्यात."

"मग ताट तुम्हीच देता ना त्यांना?"

"मीच देते की."

तेव्हा ती माझ्याकडे नाही, माझ्या चपलांकडे बघत होती. हे मला बुधवारी आठवलं.

त्या दुपारी ताट पाठवल्यावर मी स्वयंपाकघरात थांबले नाही. दहा मिनिटांनी वॉर्डात गेले, चपला दाराशी काढल्या आणि तीन नंबरच्या खाटेचा पडदा सरकवला.

आबांचं तोंड भिंतीकडे होतं. सुगंधा जमिनीवर उकिडवी बसली होती, ताट मांडीवर. तिने पदराने अर्धं तोंड झाकलं होतं आणि गाल फुगला होता. ताटात तीनपैकी एकच अंडं होतं.

"हे काय चाललंय?"

तिने घास गिळला. 

"तुम्ही पेशंटचं जेवण खाताय? किती दिवस?"

"मॅडम, हळू..."

"का हळू? सासऱ्यांचं वजन चार किलो उतरलंय. परवा ऑपरेशन आहे. ते झालं नाही तर काय होईल हे तुम्हाला कुणी सांगितलंय का?"

आबा खोकले. एकदा, मग पुन्हा, जास्त जोरात. सुगंधा उठून उभी राहिली, ताट माझ्या हातात देऊन बाहेर निघून गेली. मान खाली घालून. मला ते कबुलीसारखंच वाटलं.

पाच नंबरच्या पेशंटची बहीण, तानूबाई, खाटेवरूनच म्हणाली, "तरी म्हटलं, सासरा वाळतोय आणि सून कशी भरत चाललीय. सरकारी अंडी हो."

दोघीचौघी हसल्या. मी त्यांना गप्प केलं नाही. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. अकरा दिवस न जुळणारं गणित एका झटक्यात जुळलं होतं.

मी हुकूमच काढला: जेवणाच्या वेळी नातेवाईक बाहेर. संध्याकाळचं ताट मी स्वतः घेऊन गेले आणि खाटेशी स्टुलावर बसले.

"आबा, आता मी भरवणार."

"भूक न्हाई, पोरी."

"भूक नसली तरी खायचं. हे औषध आहे. नाहीतर सर नाकातून नळी घालतील आणि दर दोन तासांनी पातळ जेवण आत सोडतील. मग तुमच्या हातात काहीच राहणार नाही."

नळी म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे मान वळवली. डोळ्यांत भीती होती. ती मी पाहिली आणि ती उपयोगी आहे एवढंच लक्षात घेतलं. त्यांनी तोंड उघडलं. दोन अंडी, वरणभात, दूध, लाडू. लाडू चघळताना म्हणाले, "गूळ कच्चा उतरवलाय ह्यो." एवढंच.

गुरुवारी सकाळी तेच. पूर्ण ताट. पाणी पाजताना त्यांनी विचारलं, "शिवा किती वाजता येतो?"

"मामांची आज शेजारच्या वॉर्डात ड्यूटी आहे. काही हवंय का? सिस्टर आहेत, मावशी आहेत."

"न्हाई. काय न्हाई."

अकराला, दुपारचं ताट संपवल्यावर, पुन्हा तेच विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. मी तक्त्यात लाल शाईने लिहिलं: शंभर टक्के, प्रत्यक्ष देखरेखीखाली.

चार वाजता डॉ. मुजावर फेरीला आले. सिस्टरनी चादर बाजूला केली आणि थबकल्या. मग वास आला.

पट्ट्या खालपर्यंत भरल्या होत्या. मळ कडेला वाळला होता.

"हे कधीपासून आहे?" सरांचा आवाज चढला नाही, पण फेरीतले सगळे स्थिर झाले. "काल ही जखम स्वच्छ होती. सिस्टर, कधीपासून?"

"बोलले नाहीत, सर. दुपारी मी विचारलं होतं, काही हवंय का म्हणून."

"आबा, कधी झालं?"

आबा भिंतीकडे बघत होते. मी कपाळाला हात लावला. अंग तापलं होतं. ताप एकशे एक भरला.

"उद्याचं मी आत्ता काही सांगत नाही," सर म्हणाले. "आधी धुऊन काढा. सगळं. शिवाला बोलवा."

तेवढ्यात तानूबाईंना राहवलं नाही. "सुनंचं लक्ष असतं तर असं झालं असतं का? तिचं लक्ष ताटात."

"ए बाई."

आबांचा एवढा मोठा आवाज आम्ही कुणी ऐकला नव्हता. त्यांनी कोपरावर जोर देऊन छाती उचलली होती. "त्या पोरीला मी खायला लावलंय. रोज. ती नको नको म्हणत हुती. माझा शब्द मोडता येत न्हाई म्हणून खाल्लं तिनं." मग माझ्याकडे वळून, "लिवा मॅडम तुमच्या कागदावर. बाळकू चौगुल्यानं सांगितलं म्हणून लिवा."

"पण का, आबा?" सरांनी विचारलं.

त्यांची मान उशीवर पडली. सुगंधा दाराशी येऊन उभी होती, आरडाओरडा ऐकून आली असावी. आबा खोकले. ती जागच्या जागी वळली आणि व्हरांड्यात निघून गेली.

"पुन्हा तो खोकला," सर म्हणाले. "फोटो परत काढा."

मी सुगंधाच्या मागे गेले. व्हरांड्याच्या टोकाला पाण्याची टाकी होती. तिच्या आडोशाला ती उभी होती.

"त्यांना खोकला आला की तुम्ही बाहेर का जाता?"

"खोकला न्हाई त्यो, मॅडम."

"मग काय आहे?"

"आबा घरात यायच्या आधी दारात खाकरत्यात. मग मी पदर घ्यायचा आणि आत जायचं. लग्नाला चार वर्सं झाली. पाणी हवं असलं तरी माझ्याकडं बघून मागत न्हाईत. 'पाणी आणा' असं भिंतीला सांगत्यात." तिने टाकीच्या नळातून गळणाऱ्या थेंबाखाली बोट धरलं. "हितं चादरीखाली पट्ट्यांशिवाय काय न्हाई त्यांच्या अंगावर. चादर हलवायची झाली की खाकरत्यात. मी भाईर जाते."

"आणि जेवण?"

"जेवलं की जावं लागतंय न्हवं."

मला अजूनही कळत नव्हतं. ते तिला माझ्या तोंडावर दिसलं असणार, कारण ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघून बोलली.

"लघवीला नळी लावलीय, ते ठीक हाय. पण दुसरं? पयल्या आठवड्यात एकदा झालं. शिवामामा न्हवते, मावशी जेवायला गेलेली. मीच भांडं लावलं. मीच धुतलं. करायलाच पायजे, त्याचं मला काय न्हाई. पण आबा त्या दिवशी भिंतीकडं तोंड करून रडले. माझा नवरा म्हणतो, आय गेली तवासुद्धा रडले न्हवते. दुसऱ्या दिवसापास्नं दोन घास खायचे आणि म्हणायचे, बस. ताट परत गेलं तर नाकातनं नळी घालणार, असं मोठे डॉक्टर म्हणालेले. मग म्हणाले, 'ताट रिकामं गेलं पायजे.' तेबी भिंतीलाच सांगितलं."

"तुम्ही मला का नाही सांगितलं? काल मी इतकं बोलले, सगळ्यांसमोर."

"काय सांगू? सगळ्यांसमोर सांगू, आमचा सासरा संडासाला जायच्या भीतीनं जेवत न्हाई म्हणून?"

मी टाकीचा गळणारा नळ घट्ट केला.

"आणि मॅडम," ती म्हणाली, "मी माहेरी अंडं शिवलं न्हवतं कधी. वासानं उलटी येते मला. पदर धरून गिळत होते."

डॉ. मुजावर त्यांच्या खोलीत हात धूत होते. मी दार ढकललं आणि उभ्या उभ्या सांगून टाकलं, कारण बसले असते तर सांगता आलं नसतं.

"सर, माझा अकरा दिवसांचा तक्ता चुकीचा आहे."

"कुठला आकडा?"

"सगळेच. मी ताटं तोलली. पोटात काय गेलं ते एकदाही पाहिलं नाही. आणि आज जे झालं तेही माझ्यामुळे. मी सुनेला बाहेर काढलं, त्यांना तीन वेळा पोटभर भरवलं, आणि मामा नाहीत हे दोनदा स्वतः सांगितलं." मग कारण सांगितलं. "फक्त हे तक्त्यात लिहिणार नाही मी. वॉर्डात कुणीही वाचतं."

त्यांनी टॉवेलने एकेक बोट पुसलं. रागावतील म्हणून मी वाट पाहत होते.

"बावीस वर्षं झाली, मी भाजलेली माणसं बघतोय," ते म्हणाले. "वजन न वाढणारी किती असतील. नळी घातली, सलाईन लावलं. हे कधी विचारलं नाही." टॉवेल खुंटीला लावला. "शुक्रवार रद्द. मंगळवारी बघू. ताप उतरला आणि साडेअठ्ठेचाळीसच्या वर राहिला तरच. शिवा रोज एक तास याच्यासाठी, दुसऱ्या कुठल्या वॉर्डात नाही. तास कुठला ते तू ठरव."

हे मात्र मला येत होतं. पहाटे पोट रिकामं असतं, त्यावर गरम काही पडलं की आतडी हलतात. मी साडेपाचला गरम पाणी ठरवलं, सहाला दूध आणि केळं. साडेसहा ते साडेसात मामा. नंतर लगेच अंघोळ आणि नवी पट्टी, म्हणजे काही लागलं तरी वाळायला वेळ नाही.

आबांना मी यातलं काही समजावलं नाही. मामांना समजावायला सांगितलं. ते पडद्याआड गेले आणि म्हणाले, "आबा, उद्यापास्नं साडेसहाला मी तुमचा. दुसऱ्या कुणाच्या बापाचा न्हाई. खाकरायचं, मी आत. खावा बिनघोर."

आत चादर ओढून घेतल्याची सळसळ झाली.

शुक्रवारी सकाळी ते अर्धंच जेवले. दुपारीही अर्धं. साडेसहाचा तास रिकामा गेला होता आणि त्यांचा मामांवर भरवसा बसला नव्हता. ताप शंभर. शनिवारी काट्यावर अठ्ठेचाळीस किलो सहाशे. शंभर ग्रॅमचा खेळ उरला होता. मी घरी जाऊन जेवले नाही. दुसऱ्याच्या जेवणाचा हिशोब करणारीने उपाशी राहण्यात काय अर्थ, असं मनात येऊनही नाही जेवले.

रविवारी मी सहालाच व्हरांड्यात होते. सुगंधा पडद्याबाहेर उभी. पावणेसात झाले. आतून खाकरण्याचा आवाज आला. सुगंधाने दाराकडे बघून हात केला, शिवामामा भांडं घेऊन आत गेले. आम्ही दोघी टाकीपाशी जाऊन उभ्या राहिलो, एकमेकींकडे न बघता. पंधरा मिनिटांनी मामा बाहेर आले, हात कोपरापर्यंत ओले. "झालं," ते म्हणाले. "आणि अंडी इचारतंय म्हातारं. उशीर का म्हणून."

मी सुगंधाची माफी तिथेच मागितली. तीन दिवस मनात घोळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकच तोंडातून आलं.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "अंडी तर सुटली माझी."

त्या दिवशी आबांनी सहाच्या सहा खाल्ली. लाडवाच्या गुळाबद्दल मला दहा मिनिटं ऐकवलं: पाक बोटांत धरून ओढला की तार कशी तुटायला हवी, आणि रंग बघून फसणारी माणसं कशी. मी ताट तोलायचं सोडून स्टुलावर बसून ऐकत होते आणि एकेक घास जाताना बघत होते.

मंगळवारी ताप नव्हता, वजन एकोणपन्नास किलो. सरांनी काटा पाहिला, मग माझ्याकडे, आणि शस्त्रक्रियागृहाकडे चालू लागले. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा उजव्या मांडीवरची दोन बोटं जागा सोडून सगळी कातडी धरली होती. ती दोन बोटं भरायला आणखी महिना गेला.

घरी जायच्या दिवशी मी आहाराचा कागद घेऊन वॉर्डात गेले. मुलगा रजेवर आला होता, खाली गाडी आणायला गेला होता. सुगंधा पिशवी घेऊन पडद्याबाहेर उभी होती. मी सवयीने पडद्याला हात घातला.

आतून खाकरण्याचा आवाज आला.

मी सुगंधाकडे पाहिलं. ती तर बाहेरच होती. तिने पदर तोंडावर धरला, आणि या वेळी त्याआड ती हसत होती.

मी पडदा सोडला आणि पाठ फिरवून उभी राहिले. आत कपड्यांची सळसळ झाली, खाट करकरली, कुणीतरी सावकाश उठून बसलं.

"हं," आबा म्हणाले. "या आता."